कंट्रोल-सी बंद कसं करायचं? आणि ‘दुःख’ लिहिलं की प्रोग्राम का मरतो?

आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष वाटेल: कमांड-लाइनवर कंट्रोल कॅरेक्टर्सची हाताळणी बंद करणे. पण एका बटणामुळे माझ्या काकांचा दिवसभराचा हिशेब उडाला, तेव्हा हा विषय मला नाक घासून शिकावा लागला. तुम्ही मोबाइलवर टर्मक्स वापरत असाल, कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स बघत असाल किंवा नुकतंच कोडिंग शिकायला लागला असाल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. माझी चूक तुम्ही तरी करू नका.

आधी घडलं काय ते सांगतो

आमचं गाव सोनगीर. धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई-आग्रा रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर लागतं. टेकडीवर किल्ला आणि खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं, ही गावाची ओळख. माझ्या काकांचं त्यातलंच एक छोटं दुकान आहे. लगीनसराईत लोक जुनी घागर, फुटका हंडा, चेपलेली परात असली मोड घेऊन येतात. तिचं वजन होतं, भाव ठरतो आणि तेवढे पैसे नव्या भांड्यातून वळते होतात.

हे सगळं काका वहीत लिहायचे. मी हौसेने म्हटलं, “काका, वही कशाला? मी मोबाइलवर प्रोग्राम करून देतो. नाव टाका, वजन टाका, बेरीज आपोआप.” टर्मक्समध्ये पन्नासेक ओळींची बॅश स्क्रिप्ट लिहिली. नाव विचारायची, धातू विचारायची, वजन विचारायची. संध्याकाळी ‘संपव’ असा पर्याय निवडला की सगळ्या नोंदी फाइलमध्ये लिहायची. चार दिवस मस्त चाललं. पाचव्या दिवशी काकांनी वही कपाटात ठेवून दिली.

त्याच दिवशी दुपारी मोबाइलवर मागे भजन सुरू होतं आणि काकांना आवाज कमी करायचा होता. आवाज कमी करायचं बटण दाबलं, पण आवाज काही कमी होईना. म्हणून त्यांनी ते दाबूनच धरलं आणि दुसऱ्या हाताने पुढच्या गिऱ्हाइकाचं नाव लिहायला घेतलं. नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर होतं ‘सी’.

स्क्रिप्ट बंद. समोर नुसता प्रॉम्प्ट लुकलुकतोय. सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी मेमरीत होत्या, त्या तिथेच संपल्या.

“समदं गयं का रे भो?” काकांनी एवढंच विचारलं. मला उत्तर देता येईना. वजनं परत करावीत म्हटलं, तर मोड एकाच ढिगात टाकलेली. कोणती घागर कोणाची, कसं ओळखणार? शेवटी लोकांना एकेक करून विचारावं लागलं आणि जिथे आकडा जुळेना तिथे काकांनी गिऱ्हाइकाचा आकडा मान्य केला. पैसे थोडेच गेले असतील, पण दुसऱ्या दिवशी वही परत गल्ल्याशेजारी आली. ते मला जास्त लागलं.

दोष ॲपचा नव्हता. टर्मक्स समोर उघडं असताना आवाज कमी करायचं बटण हे ‘कंट्रोल’ म्हणून चालतं. मोबाइलच्या कीबोर्डवर कंट्रोल नसतं म्हणून केलेली ती सोय आहे, आणि तसं लिहिलेलंही आहे. मी वाचलं नव्हतं. काकांनी नकळत कंट्रोल-सी दाबलं होतं.

कंट्रोल कॅरेक्टर म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आस्की या जुन्या तक्त्यात ० ते १२७ असे १२८ आकडे आहेत. त्यातले ० ते ३१ आणि शेवटचा १२७, असे एकूण ३३ आकडे कोणतंही अक्षर दाखवत नाहीत. ते हुकूम आहेत. ‘पुढच्या ओळीवर जा’, ‘घंटी वाजव’, ‘मागे सरक’ असे. यांनाच कंट्रोल कॅरेक्टर्स म्हणतात.

लक्षात ठेवायची युक्ती सोपी आहे. कंट्रोल दाबून जे इंग्रजी अक्षर दाबाल, त्याचा बाराखडीतला नव्हे, ए-बी-सी-डीतला क्रमांक म्हणजेच तो आकडा.

- कंट्रोल-सी = ३. चालू प्रोग्राम थांबव.
- कंट्रोल-डी = ४. इनपुट संपलं.
- कंट्रोल-जी = ७. घंटी.
- कंट्रोल-एम = १३. हेच आपलं एंटर.
- कंट्रोल-क्यू = १७. स्क्रीन पुन्हा चालू कर.
- कंट्रोल-एस = १९. स्क्रीन थांबव.
- कंट्रोल-यू = २१. लिहिलेली अख्खी ओळ पुसून टाक.
- कंट्रोल-डब्ल्यू = २३. मागचा शब्द पुसून टाक.
- कंट्रोल-झेड = २६. प्रोग्रामला झोपव.

यातले बरेच हुकूम टेलिटाइप नावाच्या यंत्रांच्या काळातले आहेत. आस्की पहिल्यांदा १९६३ साली आलं. तेव्हा स्क्रीन नव्हती, कागदावर छापणारं टंकयंत्र होतं. टेलिटाइप मॉडेल ३३ ला कागदी पट्टी वाचणारा भाग जोडता यायचा. १७ आला की पट्टी वाचणं सुरू, १९ आला की बंद. ती यंत्रं भंगारात गेली, पण १७ आणि १९ अजून जिवंत आहेत. लॅबमध्ये एखाद्याने सवयीने ‘सेव्ह’ करायला कंट्रोल-एस दाबलं आणि टर्मिनल गोठलं, तर ‘हँग झालं’ म्हणून तो मशीन रिस्टार्ट करतो. खरं तर नुसतं कंट्रोल-क्यू दाबायचं असतं. मशीन हँग झालेलं नसतं, ते साठ वर्षांपूर्वीच्या हुकमाचं पालन करत असतं.

हुकूम पकडतं कोण? वाटेतले चार नाके

मी आधी समजत होतो की कंट्रोल-सी माझ्या स्क्रिप्टला मिळतं आणि ती स्वतः बंद होते. तसं नाहीये. बटण दाबल्यापासून प्रोग्रामपर्यंत जाताना हायवेवर लागतात तसे चार नाके लागतात.

पहिला नाका म्हणजे टर्मिनल ॲप. मोबाइलवर टर्मक्स. कोणतं बटण कंट्रोल मानायचं, हे ते ठरवतं.

दुसरा नाका कर्नल. लिनक्सच्या पोटात (अँड्रॉइडच्याही, कारण त्याचा कर्नल लिनक्सच आहे) टीटीवाय नावाचा थर असतो. तो येणारा प्रत्येक बाइट तपासतो. ३ दिसला की तो बाइट गिळतो आणि प्रोग्रामला ‘इंटरप्ट’ सिग्नल पाठवतो. म्हणजे तुमच्या प्रोग्रामला ३ हा आकडा दिसतच नाही, थेट खांद्यावर टपली बसते. काकांच्या हिशेबाचा बळी याच नाक्यावर गेला.

तिसरा नाका शेल, म्हणजे बॅश. तुम्ही प्रॉम्प्टवर लिहीत असता तेव्हा बाण, टॅब, कंट्रोल-ए वगैरे बॅश स्वतः सांभाळतो.

चौथा नाका तुमचा प्रोग्राम. सिग्नल आल्यावर मरायचं, दुर्लक्ष करायचं की आधी काम आवरायचं, हे तो ठरवू शकतो.

‘कंट्रोल कॅरेक्टर बंद करणे’ म्हणजे या चारपैकी एका नाक्यावरचा शिपाई हटवणे. कुठला हटवायचा, यावर सगळं अवलंबून आहे.

आता बंद कसं करायचं?

एक सूचना: कमांड मी इथे देवनागरीत उच्चाराने लिहितोय. टाइप करताना इंग्रजीची लहान अक्षरं वापरा.

कर्नलच्या नाक्याची किल्ली म्हणजे ‘एस-टी-टी-वाय’ ही कमांड. तिच्यापुढे स्पेस देऊन ‘वजा ए’ लिहिलं की सध्याची सगळी सेटिंग्ज दिसतात. ज्याच्या आधी वजा चिन्ह आहे ते बंद, ज्याच्या आधी नाही ते चालू.

*फक्त कंट्रोल-एसचं गोठणं बंद करायचं असेल* तर एस-टी-टी-वाय, स्पेस, वजा आय-एक्स-ओ-एन. कॉम्प्युटरवरच्या लिनक्सवर हे बिनधास्त करा, आजच्या वापरात त्याने काही अडत नाही. टर्मक्सवर करायची गरजच नाही. टर्मक्सच्या कोडमध्ये नवं सेशन उघडतानाच ही हाताळणी बंद केलेली आहे, कारण मोबाइलवर चुकून स्क्रीन गोठली तर नवख्या माणसाला कळणारच नाही. म्हणजे आपल्या विषयाचं एक जिवंत उदाहरण आधीपासून तुमच्या खिशात आहे.

*फक्त कंट्रोल-सी बंद करायचं असेल* तर एस-टी-टी-वाय, स्पेस, आय-एन-टी-आर, स्पेस, यू-एन-डी-ई-एफ. अर्थ असा की ‘इंटरप्ट’साठी कोणतंही अक्षर ठेवू नकोस. आता ३ हा साधा बाइट म्हणून पुढे जातो. याच पद्धतीने आय-एन-टी-आरच्या जागी एस-यू-एस-पी लिहिलं की कंट्रोल-झेड बंद.

*सिग्नल पाठवणारी सगळीच अक्षरं बंद करायची असतील* तर एस-टी-टी-वाय, स्पेस, वजा आय-एस-आय-जी. कंट्रोल-सी, कंट्रोल-झेड आणि कंट्रोल-बॅकस्लॅश या तिघांचीही ताकद एकदम जाते.

*सगळंच बंद करायचं असेल* तर ‘रॉ’ मोड: एस-टी-टी-वाय, स्पेस, आर-ए-डब्ल्यू. कर्नल काहीच तपासत नाही. आला बाइट, दिला पुढे. सिग्नल नाही, ओळ पुसणं नाही, एंटरची वाट बघणं नाही.

‘रॉ’ कशाला लागतो, असं वाटेल. तुम्ही तो रोज वापरता. नॅनो एडिटरमध्ये कंट्रोल-सी दाबून बघा. एडिटर बंद होत नाही, कर्सर कुठल्या ओळीवर आहे ते सांगतो. कारण नॅनोने सुरू होतानाच कर्नलला सांगितलेलं असतं, ‘तू मध्ये पडू नकोस, माझं मी बघतो.’ एसएसएचने दुसऱ्या मशीनवर लॉगिन करता तेव्हाही तेच. तुमच्या बाजूची हाताळणी बंद होते, ३ हा आकडा तसाच तारेतून तिकडे जातो आणि तिकडचा कर्नल तिकडचा प्रोग्राम थांबवतो. नाहीतर कंट्रोल-सी दाबल्यावर तुमचं एसएसएचच मेलं असतं.

ही सगळी सेटिंग्ज त्या एका टर्मिनलपुरती असतात. काही बिघडलं तर घाबरू नका. ते सेशन बंद करा, नवीन उघडा, सगळं जागेवर येतं. कीबोर्डच ऐकेनासा झाला तरी फोनला काही होत नाही.

मराठीची गंमत: ‘दुःख’ आणि आकडा ३

हे सगळं वाचताना मला एक शंका आली. काकांना नावं मराठीतच लिहायची होती. कंट्रोल कॅरेक्टर तपासणारा शिपाई मराठी अक्षरांना कधी अडवतो का?

मराठी अक्षर आज यूटीएफ-८ पद्धतीने साठवलं जातं आणि प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. विसर्गाचे तीन आकडे आहेत २२४, १६४, १३१. ‘क’चे २२४, १६४, १४९. लक्ष शेवटच्या आकड्यावर ठेवा.

जुन्या काळी बऱ्याच तारा आणि मोडेम एका अक्षराला सातच बिट वापरायचे. आठवा बिट कापला जायचा. म्हणजे १२८ पेक्षा मोठ्या आकड्यातून १२८ वजा. कर्नलमध्ये ही कापाकापी करणारं सेटिंग अजून आहे. नेहमी ते बंद असतं, पण चालू करून बघता येतं. मग आपल्या अक्षरांचं काय होतं?

- विसर्ग: १३१ वजा १२८ = ३. म्हणजे कंट्रोल-सी.
- क: १४९ वजा १२८ = २१. कंट्रोल-यू, अख्खी ओळ साफ.
- ग: १५१ वजा १२८ = २३. कंट्रोल-डब्ल्यू, मागचा शब्द साफ.
- च: १५४ वजा १२८ = २६. कंट्रोल-झेड, प्रोग्राम झोपला.
- ज: १५६ वजा १२८ = २८. कंट्रोल-बॅकस्लॅश, प्रोग्राम ठार.
- हलंताची खूण: १४१ वजा १२८ = १३. प्रत्येक जोडाक्षराच्या मध्ये एंटर!

म्हणजे ‘चहा’ म्हटलं की प्रोग्राम झोपतो. ‘जळगाव’ पहिल्याच अक्षराला प्रोग्राम मारतं. ‘धुळे’च्या शेवटच्या मात्रेत १३५ आहे, त्यातून १२८ गेले की ७, म्हणजे घंटी. ‘सोनगीर’ लिहिताना ‘ग’ आला की मागचं लिहिलेलं पुसलं जातं. आणि ‘दुःख’ लिहिता लिहिता विसर्गावर प्रोग्राम संपतो. शब्दाला शोभेलसंच वागणं म्हणायचं!

हे स्वतः करून बघा. टर्मक्समध्ये नवं सेशन उघडा. एस-टी-टी-वाय, स्पेस, आय-एस-टी-आर-आय-पी लिहून एंटर. मग सी-ए-टी लिहून एंटर. आता मराठी कीबोर्डने ‘दुःख’ लिहा. (मराठी लिहायला अडचण आली तर खालची बटणांची पट्टी डावीकडे सरकवा, मजकुरासाठी चौकट उघडते.) डॉलर, टक्के असला थोडा कचरा दिसेल आणि प्रोग्राम तुम्हाला प्रॉम्प्टवर आणून सोडेल. कंट्रोल-सी तुम्ही दाबलंच नव्हतं. झालं की ते सेशन बंद करून टाका.

मग रोज मराठी व्यवस्थित कशी चालते? कारण आठवा बिट आता कोणी कापत नाही, आणि यूटीएफ-८ तयार करणाऱ्या केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये एक नियम पक्का केला: अनेक बाइटच्या अक्षरातला एकही बाइट १२८ पेक्षा लहान नसेल. कंट्रोल-सी आहे ३. त्यामुळे पूर्ण आठ बिट जात असतील तर मराठी अक्षराच्या पोटात ३ किंवा २६ सापडणं शक्यच नाही. शिपाई आपलं काम करतो आणि मराठी त्याच्या शेजारून सुखरूप निघून जाते.

पुण्यात हा विचार आधीच झाला होता

यूटीएफ-८ घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे मराठी कॉम्प्युटरवर आली होती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. तिथल्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या साध्या पीसीवर देवनागरी दिसू लागली. त्यामागचा तक्ता म्हणजे इस्की. भारतीय मानक म्हणून त्याचा क्रमांक आयएस १३१९४, साल १९९१.

इस्कीत एक अक्षर म्हणजे एकच बाइट. ० ते १२७ इंग्रजीसाठी जसेच्या तसे आणि भारतीय अक्षरं १६१ पासून पुढे. मधला १२८ ते १५९ हा पट्टा मोकळा सोडला, कारण आठ बिटांच्या दुनियेत तो कंट्रोल कॅरेक्टर्सच्या दुसऱ्या संचासाठी राखलेला असतो. आता आपलीच वजाबाकी करून बघा. इस्कीत विसर्ग १६३. आठवा बिट कापला तरी ३५, म्हणजे हॅशचं चिन्ह. ‘क’ १७९, कापल्यावर ५१, म्हणजे इंग्रजी आकडा तीन. मजकुराचा कचरा होईल, पण प्रोग्राम मरणार नाही. तारेत गडबड झाली तरी नुकसान दिसण्यापुरतं. युनिकोडमधला देवनागरीचा क्रमही इस्कीवरूनच घेतलाय, पण बाइटमध्ये बांधायची पद्धत वेगळी, म्हणून वरची गंमत घडते.

या राखीव पट्ट्यातला एक आकडा माहीत असू द्या: १५५. काही टर्मिनल्स याला ‘आता पुढे रंगाची किंवा कर्सरची आज्ञा येतेय’ असं समजतात. ‘छ’चा शेवटचा बाइट नेमका १५५ आहे! यूटीएफ-८ चालू असलेल्या टर्मिनलला तो अक्षराचा भाग आहे हे कळतं. जुन्या आठ-बिटी मोडमधलं टर्मिनल मात्र ‘छ’ आला की पुढची अक्षरं आज्ञा समजून गिळू शकतं. म्हणून जुन्या मशीनवर मराठी फाइल उघडून स्क्रीन विचित्र वागली, तर फाइल खराब झाली असं लगेच ठरवू नका. आधी टर्मिनलचं एन्कोडिंग तपासा.

डॉसवाल्यांचा कंट्रोल-झेड

हा प्रश्न फक्त लिनक्सचा नाही. डॉसमध्ये २६, म्हणजे कंट्रोल-झेड, ही ‘फाइल इथे संपली’ अशी खूण होती. ती त्याच्याही आधीच्या सीपी/एम सिस्टीमकडून आलेली. मजकुराच्या फाइलला ठीक आहे, पण फोटोत किंवा प्रोग्रामच्या फाइलमध्ये २६ हा आकडा कुठेही येऊ शकतो. कॉपी कमांडने फाइल मजकूर म्हणून घेतली तर पहिल्या २६ पाशीच कॉपी थांबायची आणि अर्धी फाइल हातात. त्यावर उपाय होता स्लॅश-बी. ‘ही बायनरी फाइल आहे, २६ कडे लक्ष देऊ नकोस.’ विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तो स्लॅश-बी आजही आहे.

डॉसमध्ये ‘ब्रेक ऑफ’ अशीही आज्ञा होती. बऱ्याच जणांना वाटायचं की त्याने कंट्रोल-सी बंद होतं. प्रत्यक्षात तपासणी फक्त कमी व्हायची: कीबोर्ड, स्क्रीन, प्रिंटर यांचं काम चालू असताना डॉस तरीही कंट्रोल-सी बघायचाच. अर्धवट बंद केलेलं कुलूप उघड्या कुलपाइतकंच फसवं असतं.

मग मी दुकानात काय केलं?

पहिला विचार साहजिकच होता: कंट्रोल-सी बंद करून टाकू. केलंही. दुसऱ्याच दिवशी माझ्याच एका चुकीमुळे स्क्रिप्ट एकाच प्रश्नावर गोल गोल फिरत बसली आणि ती थांबवायला कंट्रोल-सी चालेना! काकांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि काही न बोलता वहीत लिहायला लागले.

तेव्हा कळलं की कंट्रोल-सी हे आपत्कालीन दार आहे. बसमधलं ते दार चुकून उघडतं म्हणून वेल्डिंग करून बंद करत नाहीत, त्याला कडी घालतात. मग मी पुन्हा बसून चारही नाके एकेक करून बघितले.

पहिल्या नाक्यावर, टर्मक्सच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये व्हॉल्यूम-कीज या सेटिंगला ‘व्हॉल्यूम’ असं मूल्य दिलं. आता आवाजाचं बटण फक्त आवाज कमी-जास्त करतं. कंट्रोल हवं असेल तर स्क्रीनवरच्या पट्टीत आहेच. खरं दुखणं इथेच होतं, आणि ते इथेच सुटलं.

दुसऱ्या नाक्यावर फक्त कंट्रोल-झेड बंद केलं. झोपलेली स्क्रिप्ट परत जागी कशी करायची हे काकांना शिकवण्यापेक्षा ते बरं. कंट्रोल-सी चालूच ठेवलं.

तिसऱ्या नाक्याला हात लावला नाही. स्क्रिप्ट चालू असताना बॅशचा प्रॉम्प्ट मध्ये येतच नाही.

चौथ्या नाक्यावर, स्क्रिप्टमध्ये, ‘ट्रॅप’ लावला. बॅशची ट्रॅप कमांड सांगते की अमुक सिग्नल आला तर मरू नकोस, आधी हे काम कर. आता कंट्रोल-सी दाबलं की स्क्रिप्ट विचारते, ‘खरंच बंद करायचं? हो/नाही.’

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिचा कंट्रोल कॅरेक्टरशी काहीच संबंध नाही: प्रत्येक नोंद झाली की लगेच फाइलमध्ये लिहायची. दोन ओळींचा बदल. तो पहिल्या दिवशी केला असता तर हा लेखच लिहावा लागला नसता. कारण सगळे सिग्नल अडवता येत नाहीत. सिग्नल ९ कोणत्याच प्रोग्रामला पकडता किंवा दुर्लक्षिता येत नाही. अँड्रॉइड १२ पासून मागे चालणाऱ्या अशा उप-प्रोसेसेसवर मर्यादा आली आहे, आणि फोनला वाटलं तर तो टर्मक्समधली प्रोसेस थेट सिग्नल ९ ने बंद करतो. शिवाय बॅटरी संपते, फोन पाण्यात पडतो. त्याला कोणता ट्रॅप लावणार?

थोडक्यात लक्षात ठेवा

- टर्मिनल गोठलं तर आधी कंट्रोल-क्यू दाबा, मग रिस्टार्टचा विचार करा.
- कंट्रोल कॅरेक्टर बंद करण्याआधी ते कुठल्या नाक्यावर पकडलं जातंय ते शोधा.
- गरज असेल तेवढंच एक अक्षर बंद करा. ‘रॉ’ मोड एडिटरसारख्या प्रोग्रामसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही.
- बाहेर पडायचा एक रस्ता नेहमी उघडा ठेवा.
- डेटा मेमरीत साठवून बसू नका. नोंद झाली की लिहा.

आता दुकानात दोन्ही चालतं. नोंद मोबाइलवर होते आणि संध्याकाळी एकूण वजन काका वहीत एका ओळीत उतरवतात. परवा मी म्हटलं, “काका, आता वहीची गरज नाही, एकेक नोंद फाइलमध्ये जाते.” ते हसले आणि म्हणाले, “राहू दे. तुझा फोन हुशार आहे, पण वहीला कंट्रोल-सी नाही.”

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.